बिनखाड्याचं मस्टर

कारखान्यात दाखवलेला माणूस खरोखर तिथला आहे, की माझ्या भेटीपुरता आणून उभा केलाय, हे ओळखायची माझी एक साधी पद्धत होती. मी त्याला म्हणायचे, "दादा, जरा पाणी आणून द्या ना." तिथला माणूस सरळ चालू लागतो. माठ कुठे, ग्लास कुठे, हे त्याच्या पायांनाच ठाऊक असतं. आणून उभा केलेला माणूस आधी मालकाकडे पाहतो, मालक मुनिमाकडे पाहतो, मग मुनीमच धावत जातो आणि मला बाटलीबंद पाणी मिळतं. एकतीस वर्षांच्या नोकरीत असं बाटलीबंद पाणी मी पुष्कळ प्यायले.

मी उद्योग निरीक्षक होते. त्यातली शेवटची अकरा वर्षं गोंदिया जिल्ह्यात गेली, म्हणजे माझ्याच मुलखात. माझं माहेर आमगावचं. पण "तू नेमकं करतेस काय?" हे माझ्या आईलासुद्धा शेवटपर्यंत कळलं नाही. निरीक्षक म्हटलं की लोकांना वाटतं, ही कुलपं लावत फिरते. माझं काम त्याच्या उलट होतं. सरकार कारखानदाराला म्हणतं, बाबा, तू नागपूर-रायपूरला जाऊ नको, इथेच कारखाना वाढव, इथल्याच माणसांना कामाला लाव. त्या बदल्यात आम्ही तुला काही वर्षं विजेवरचं शुल्क माफ करतो, भरलेल्या करातला काही भाग परत देतो. मालक तसा अर्ज करतो. मग कागदावरची यंत्रं जमिनीवर आहेत का आणि कागदावरची माणसं पायांवर उभी आहेत का, ते पाहायला मी जायचे. यंत्राचं सोपं असतं, त्याच्या अंगावर नंबराची पट्टी असते. माणसाचं अवघड.

त्यातून माझा स्वभाव भलताच चौकस. आमचे हे म्हणतात, "तुझं नाक आधी घरात येतं, मागून तू." म्हणू देत. त्या नाकावरच एकतीस वर्षं निभावली.

एकदा दरेकशाकडच्या एका गड्यानं अर्ज केला. पळसाच्या पानांच्या पत्रावळी दाबायचं एक यंत्र त्याच्याकडे होतं, त्याला दुसरं घ्यायचं होतं. 'कामगार किती' या रकान्यात त्यानं लिहिलं होतं, 'गाव'. मी म्हटलं, असं चालत नाही भाऊ, आकडा लिहा. तो म्हणाला, "मॅडम, लगीनसराईत सारं गाव पानं तोडते, बाकीच्या टायमाले मी एकटाच. आता तुमीच सांगा काय लिवू ते." मी बराच वेळ पेन हातात धरून बसले. शेवटी 'चार' लिहिलं. ते चार कोण, हे मला आजही माहीत नाही. सांगायचं इतकंच, की आमच्या रकान्यांत इथली माणसं नीट मावत नाहीत, हे मला कळायला हवं होतं. कळलं नव्हतं, म्हणून पुढचं घडलं.

बिरसीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक राईस मिल आहे. मालकाला आपण किशोरसेठ म्हणू. गोंदियाचे व्यापारी, बोलणं हिंदी, मध्येच एखादा मराठी शब्द पेरायचा. त्यांनी मिल वाढवली. उसन्या, म्हणजे धान उकडून केलेल्या, तांदळाचा नवा विभाग काढला आणि शेजारी पॅकिंगची मोठी शेड बांधली. शेडमध्ये शेजारच्या गावातल्या चोवीस बाया कामाला घेतल्या. चोवीस नव्या नोकऱ्या, सगळ्या स्थानिक. वर्ष झाल्यावर त्यांनी सवलतीचा दावा टाकला आणि फाईल माझ्या टेबलावर आली.

फाईल इतकी नेटकी होती की मला बरंच वाटलं. मग मी हजेरीचं मस्टर उघडलं, आणि नाक जागं झालं. चोवीस बाया, अख्खं वर्ष, आणि एकही खाडा नाही. तापाचा नाही, लग्नाचा नाही, मयतीचा नाही. बरं, तेही सोडा. रोवणीच्या दिवसांतसुद्धा सगळ्या हजर! आमच्याकडे रोवणी म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगायला हवं. आषाढ-श्रावणात धानाची रोपं चिखलात लावायची असतात आणि तेव्हा जिल्ह्यातली प्रत्येक बाई गुडघाभर पाण्यात वाकलेली असते. त्या दिवसांत मिलवाले गेटवर उभे राहून रस्त्याकडे डोळे लावून असतात. आणि इथे चोवीसच्या चोवीस शेडमध्ये? मी स्वतःलाच म्हटलं, गजभियेबाई, इथे काहीतरी पाणी मुरतंय.

पहिल्या भेटीत मी नावं पुकारली. "शकुन लांजेवार." एक बारीक अंगाची, हनुवटीवर गोंदण असलेली बाई म्हणाली, "हाव." सगळ्यांनी 'हाव' म्हटलं, चोवीस भरल्या. मला काही सापडलं नाही. पण चैन पडेना. तीन आठवड्यांनी, कुणाला न सांगता, पुन्हा गेले. धानाचा हंगाम होता, गेटबाहेर गाड्यांची रांग, वरती बिरसीच्या विमानतळावरचं शिकाऊ वैमानिकांचं विमान घिरट्या घालतंय, आणि शेडमध्ये बायांची गडबड. मी पुकारलं, "शकुन लांजेवार."

"हाव," म्हणाली एक उंच, धिप्पाड, सावळी बाई. हनुवटी कोरी.

मी तिच्याकडे पाहत राहिले. ती माझ्याकडे पाहत राहिली. तीन आठवड्यांत माणूस वीतभर उंच होत नाही आणि गोंदण तर मेल्यावरही जात नाही. मी म्हटलं, "शकुनताई, जरा पाणी द्याल?" ती वळली, पोत्यांच्या थप्पीमागून आडवाटेनं बॉयलरच्या भिंतीपाशी गेली, दारामागे अडकवलेलं ओगराळं न पाहता काढलं आणि रांजणातलं गार पाणी घेऊन आली. म्हणजे ही इथलीच! तर मग ती दुसरी कोण होती? तिलाही मी पाणी मागितलं होतं, तिनंही तसंच आणलं होतं.

सुपरवायझर पटले कपाळ पुसत उभे होते. "पटलेजी, हे काय आहे?" तर म्हणे, "मॅडम, काम तं होऊन राहिलं ना?" याच्यापुढे अक्षर नाही.

आणि इथे माझ्या हातून चूक झाली. मी ऑफिसला आले आणि अहवालात एक ओळ लिहिली, 'कामगारांची ओळख संशयास्पद वाटते.' शुक्रवारी फाईल वर गेली. मोठा मासा पकडल्यासारखं वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

पण नाक स्वस्थ बसू देईना. रविवारी ह्यांना म्हटलं, स्कूटर काढा. आम्ही त्या गावात गेलो. पहिल्याच विहिरीवर ती उंच बाई भेटली. तिनं मला ओळखलं, घागर खाली ठेवली आणि म्हणाली, "आल्या का? मले वाटलंच व्हतं. चाला घरी."

तिचं नाव छाया रामटेके. घर गावाच्या टोकाला, बौद्धपुऱ्यात. शकुन लांजेवारचं घर गावाच्या मध्यावर, तलावाच्या पाळीजवळ. छायानं पोरीला पाठवून शकुनला बोलावून घेतलं. दोघी समोर बसल्या आणि मला कोडं सोडवून दिलं.

मिलवाल्यांनी चोवीस बाया मागितल्या तेव्हा गावात काम मागणारी घरं होती अठ्ठेचाळीस. आता कुणाला घ्यायचं? गाव तलावाच्या पाळीवर बसलं. या गावाचा तलाव शकुनच्या सासरच्या जुन्या पिढ्यांनी बांधलेला, आणि त्याचं पाणी बांध्यांना, म्हणजे धानाच्या खाचरांना, आळीपाळीनं सुटतं. आज याच्या बांधीला, उद्या त्याच्या, शेवटच्या टोकाच्या बांधीपर्यंत. त्या आळीपाळीला तिथे 'पारी' म्हणतात. गावानं ठरवलं, नोकरीही पारीनं. दोन घरांत एक नोकरी, पंधरा दिवस हिनं जायचं, पंधरा दिवस तिनं. जोड्या चिठ्ठ्या टाकून लावल्या. आणि जोडीतल्या कुणाचं नाव मिलच्या यादीत घालायचं, त्याचीही चिठ्ठी. छाया आणि शकुनच्या जोडीत नाव निघालं शकुनचं.

"म्हणून एकीलाही खाडा पडत नाही," मी म्हटलं.

"कसा पडंल?" शकुन म्हणाली. "मी रोवन्यात असली तं छाया मिलमंधी. हिची पोरगी बिमार पडली तं मी जातो. घर बी चालते, बांधी बी चालते."

"पण तू शकुन म्हणून 'हाव' कशी म्हणतेस?" मी छायाला विचारलं.

तिला प्रश्नच कळला नाही. "नाव कामाचं हाय ना, बाई. मी तिथं गेली का मी शकुन. घरी आली का छाया." मग म्हणाली, "खरं सांगू? थोडं लागते मनाले. पोतं शिवताना सुई माह्या बोटात गेली. टाके मले पडले, अन् मिलच्या वहीत लिवलं शकुनले पडले. उद्या माह्या हाताले काई झालं तं कोनाले सांगू? मी तं तिथं हावच नाई. तुमच्या यादीत माहं नाव येईल का वो बाई?"

शकुननं तिला कोपरानं ढोसलं. "चूप ना वं. नाव मांगशील तं हाय ते बी जाईल."

मी छायाच्या हातचा भात आणि वालाच्या शेंगांची भाजी खाल्ली. चव छान होती, पण शुक्रवारचा तो 'संशयास्पद' शब्द मी त्यांना सांगितला नाही. धीरच झाला नाही. सोमवारी सकाळी धावत ऑफिसात गेले. फाईल पुढे गेली होती.

वरून किशोरसेठना खरमरीत पत्र गेलं. कामगारांची ओळख पटवा, नाहीतर दावा रद्द. सेठ घाबरले. त्यांना यातलं खरंच काही माहीत नव्हतं. शेडमध्ये निळे ॲप्रन दिसायचे, चोवीस मोजले की झालं. त्यांच्या हिशेबनीसानं सल्ला दिला, गेटवर चेहरा ओळखणारं हजेरीचं यंत्र बसवा. यादीतल्या चोवीस जणींचे चेहरे त्यात भरले. पुढे एका सोमवारपासून ज्याचा चेहरा जुळेल तोच आत.

त्या सोमवारी सकाळी नऊला सेठचा फोन. "मॅडम, आप तुरंत आइए. चौबीस को बुलाया था, अड़तालीस आई हैं, और अंदर एक भी नहीं जा रही!"

मी पोहोचले तर गेटसमोरच्या मोहाच्या झाडाखाली अठ्ठेचाळीस बाया बसलेल्या. घोषणा नाही, फलक नाही. डबे सोडून जेवायचीसुद्धा तयारी. रस्त्यावर धानाच्या गाड्या अडकलेल्या, ड्रायव्हर खाली उतरून मजा बघतायत. शकुन पुढे बसली होती. मी म्हटलं, "शकुनताई, तुमचा चेहरा तर यंत्रात आहे. तुम्ही का बाहेर?"

"ते डबडं माह्या तोंडाले वळखते, छायाच्या तोंडाले नाई वळखत. मंग मी कायले जाऊ?"

"तुमचं काम तर जात नाही ना?"

"माहं काम कोनतं? माहं अर्धं हाय. गावानं देल्लं ते तेवढंच. तराचं पानी एकानंच आपल्या बांधीत बांधून घेतलं तं त्याच्या घरी कोनी चहा पेते का?" 'तर' म्हणजे तलाव, हे मी शेजारी उभ्या असलेल्या सेठना समजावून सांगितलं.

छाया माझ्याशी बोलेना. मी जवळ जाऊन बसले, तेव्हा रस्त्याकडे पाहतच म्हणाली, "तुमी घरी आल्या, माह्या हातचं खाल्लं. तवाच सांगाचं व्हतं ना, का तुमी लिवून आल्या म्हून. आमी तुमचं काय केलं व्हतं?"

मला खूप लाज वाटली. एकतीस वर्षांत मालकांनी मला बरंच काही ऐकवलंय, धमक्यासुद्धा दिल्यात, त्यातलं एकही इतकं लागलं नाही.

मी सेठच्या केबिनमध्ये गेले आणि मस्टर त्यांच्यासमोर उघडलं. रोवणीच्या महिन्याचं पान. म्हटलं, "सेठजी, बाकीच्या मिल या महिन्यात चालू होत्या का?"

"कहाँ मॅडम! रोपाई में सब की मिल बैठ जाती है."

"तुमची?"

ते पानावर बोट फिरवत राहिले. खाडा नाही, खाडा नाही, खाडा नाही. व्यापारी माणूस, पानाच्या तळाशी पोचायच्या आत त्यांना सगळं समजलं. "अरे!" म्हणाले, "मैं तो सोचता था पटले डाँटता है, इसलिए आती हैं." दारात उभे असलेले पटले म्हणाले, "मी कायले रागावू सेठजी, मले तं त्याईचीच भीती वाटते." पटलेंनी दुसऱ्यांदा तोंड उघडलं ते असं. सेठ हसले, मग मीही हसले आणि खोलीतली हवा जरा सैल झाली.

"दोनों का चेहरा डाल दो," सेठ म्हणाले. "जिसकी पारी, वो अंदर." आणि लगेच माझ्याकडे वळून, "पर मॅडम, मेरी फाईल?"

"ती माझ्याकडे लागली," मी म्हटलं.

बोलायला सोपं होतं. सरकारात लिहिलेला शब्द खोडता येत नाही. त्याच्या खाली दुसरा लिहावा लागतो. मी पुरवणी अहवाल लिहिला आणि त्याची पहिली ओळ होती, 'आधीचा शेरा माझ्या अपुऱ्या चौकशीमुळे दिला गेला.' टायपिंगवाल्या मुलीनं दोनदा विचारलं, "मॅडम, हे नक्की टाकू?" खाली अठ्ठेचाळीस नावं लिहिली, गाव पाळी कशी लावतं ते लिहिलं, आणि दोघी मिळून वर्षाचे सगळे दिवस भरतात, तर दोघी मिळून एक नोकरी धरावी असं सुचवलं.

जिल्ह्याच्या समितीत अध्यक्षसाहेबांनी चष्मा काढून मला विचारलं, "दोन बायांची एक नोकरी, असं नियमात कुठे लिहिलंय?"

मी म्हटलं, "नाही असंही कुठे लिहिलेलं नाही, साहेब."

"उद्या कुणी चौघांची एक नोकरी आणेल. मग?"

"मग मी तिथे जाऊन पाणी मागेन."

त्यांना त्यातलं काही कळलं नसावं, पण फाईल त्यांनी फेटाळली नाही. वर मार्गदर्शनासाठी पाठवली. मार्गदर्शनाला आठ महिने लागले. त्या आठ महिन्यांत सेठनी मला दर पंधरवड्याला फोन केला आणि दर वेळी म्हणाले, "मॅडम, आपके चक्कर में मेरा सब अटक गया." खरंच अटकलं होतं. कारखान्यांना बोलावून आणायचं आणि मग एका शब्दावर त्यांना वर्षभर दारात उभं करायचं, हे आमच्या खात्याचं जुनं दुखणं. यावेळी तो शब्द माझा होता. पण एवढ्या काळात सेठनी छायाचा आणि बाकीच्या तेवीस जणींचा चेहरा काही यंत्रातून काढला नाही. मी विचारलंही, का नाही काढला म्हणून. तर म्हणाले, "रोपाई फिर आएगी ना, मॅडम."

शेवटी उत्तर आलं. दोघी मिळून एक धरा, मात्र प्रत्येकीची स्वतंत्र नोंद करा, विमा आणि भविष्य निर्वाह निधी जिच्या तिच्या नावानं लावा, आणि प्रत्यक्ष पडताळणी नव्यानं करा. माझ्या निवृत्तीला एक महिना उरला होता. साहेब म्हणाले, नवीन मुलाला पाठवू. मी म्हटलं, अजिबात नाही, मीच जाणार.

त्या दिवशी दोन्ही पाळ्या एकदमच बोलावल्या होत्या. अठ्ठेचाळीस जणी शेडमध्ये ओळीनं उभ्या. सेठ आणि पटले बाजूला. नवी यादी अक्षरवार लावलेली, त्यामुळे 'छ' लवकर आला.

"छाया रामटेके," मी पुकारलं.

कुणी उत्तर दिलं नाही. मी मान वर केली. छाया माझ्यासमोर तिसऱ्या जागी उभी होती, मान ताठ, कान टवकारलेले, शकुनच्या नावाची वाट पाहत. दीड-दोन वर्षांची सवय.

"छाया रामटेके," मी पुन्हा म्हटलं.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. मागच्या ओळीतून शकुननं हात लांब करून तिच्या पाठीत एक धपाटा घातला. "अवं, तुलेच बलावून राहिल्या ना!"

छाया दचकली. तिनं आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे, मग माझ्या हातातल्या कागदाकडे. आणि इतक्या हळू, की मला ओठांवरूनच समजलं, म्हणाली, "हाव. मीच."